संगणक अद्ययावत केल्यावर मेसेजिंग आणि व्हिडिओ कॉलचे साइन-इन अडले, तर कोणत्या क्रमाने तपासावे

नवा संगणक घेतल्यावर, जुन्या संगणकात विंडोज किंवा मॅकओएसची पुढची आवृत्ती टाकल्यावर, अथवा डिस्क किंवा मदरबोर्ड बदलल्यावर बाकी सगळे सुरळीत चालू होते, मात्र नेमके मेसेजिंगचे किंवा व्हिडिओ कॉलचे ॲप आत येऊ देत नाही. अशा वेळी बहुतेक जण लगेच पासवर्ड बदलतात किंवा ॲप काढून पुन्हा टाकतात. हे दोन्ही उपाय खरे तर अगदी शेवटी करायचे असतात. पासवर्ड बदलला की अनेक सेवा इतर उपकरणांवरचे चालू साइन-इन रद्द करतात, आणि ज्या उपकरणावर पडताळणीचा कोड येणार होता तेच बाहेर पडल्यावर माणूस आगीतून फुफाट्यात सापडतो. ॲप काढताना त्याची माहितीही पुसली गेली, तर काही ॲपमधील जुने संदेश कायमचे जातात.

म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर साइन-इन पुन्हा करून पाहावे.

## सुरुवात करण्यापूर्वीची तयारी

पहिली गोष्ट म्हणजे जे उपकरण अजून साइन-इन आहे ते सांभाळणे. फोन, टॅबलेट किंवा जुना संगणक यांपैकी ज्यावर तेच खाते अजून उघडे आहे, त्यावरून साइन-आउट करू नये, तो रीसेट करू नये आणि कोणाला देऊनही टाकू नये. नव्या संगणकावर सर्व ॲप सुरू होऊन काही दिवस नीट चालेपर्यंत जुना संगणक पुसण्याची घाई करू नये. पुढच्या बऱ्याच पडताळण्या याच उपकरणावर अवलंबून असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे नोंद. पडद्यावर आलेला त्रुटीचा संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे. ‘काहीतरी चुकले’ एवढ्यावरून कोणालाही निदान करता येत नाही; संदेशाखालचा लहान अक्षरांतील कोड मात्र पुष्कळ सांगून जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे खात्याची माहिती एकत्र ठेवणे: साइन-इनचा ईमेल पत्ता किंवा फोन क्रमांक, रिकव्हरी ईमेल, दुहेरी पडताळणीचे बॅकअप कोड आणि खाते संस्थेचे असल्यास तेथील तंत्रज्ञांचा संपर्क. विंडोजची नवी आवृत्ती जुन्यावरच चढवली असेल, तर मागील आवृत्तीकडे परतण्याची सोय साधारणपणे १० दिवसच राहते, हेही ध्यानात ठेवावे. ती मुदत संपेपर्यंत डिस्क साफ करणारी साधने चालवू नयेत.

इशारा : मदरबोर्ड बदलायचा असेल, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) फेरबदल करायचे असतील किंवा टीपीएम, म्हणजे सुरक्षा किल्ल्या जपणारी चिप, रिकामी करायची असेल, तर त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क कूटबद्धीकरणाची) रिकव्हरी की हाती आहे याची खात्री करावी. ती नसेल तर मेसेजिंग बाजूला राहील आणि संपूर्ण डिस्कच कुलूपबंद होऊन बसेल.

## टप्पा १ : घड्याळ आणि टाइम झोन

सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हर जे प्रमाणपत्र देतो त्याला आरंभ आणि अंताची तारीख असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर असेल, तर जोडणीच नाकारली जाते आणि ॲप केवळ ‘इंटरनेट तपासा’ असे म्हणते. मोठ्या अपडेटनंतर, नवा मदरबोर्ड बसवल्यावर किंवा जुन्या मदरबोर्डवरील सीआर २०३२ बॅटरी संपल्यावर घड्याळ बिघडू शकते.

येथे एक बारीक चूक फार वेळा होते. टाइम झोन चुकीचा असतो, त्यामुळे वेळ चुकीची दिसते, आणि वापरकर्ता काटे हाताने फिरवून ती बरोबर करतो. पडद्यावर वेळ अचूक दिसते, पण संगणक आतून जी जागतिक प्रमाणवेळ मोजतो ती आता काही तासांनी चुकलेली असते, आणि सर्व्हरशी तुलना त्याच वेळेची होते. म्हणून आधी टाइम झोन बरोबर करावा आणि मगच वेळ आपोआप घेण्याची सोय चालू करावी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम येथे ‘सिंक नाऊ’ दाबावे; मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधील जनरल या भागात डेट अँड टाइम उघडावे. एकाच संगणकावर लिनक्सही टाकले असेल, तर दोन्ही प्रणाली हार्डवेअर घड्याळ वेगळ्या रीतीने वाचतात आणि प्रत्येक वेळी विंडोज उघडताच तीच चूक परत येते, याकडेही लक्ष द्यावे.

तपासणी : संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. वेळ परत मागे गेली, तर बॅटरी बदलल्याखेरीज पुढे जाण्यात अर्थ नाही.

## टप्पा २ : बिघाड कोठे आहे ते ठरवणे

पाणी नेमके कुठे मुरते आहे हे कळण्यासाठी दोन छोट्या चाचण्या पुरतात. यांवर पाच मिनिटे खर्च केली तर पुढचे कित्येक तास वाचतात, आणि तरीही बहुतेक जण नेमका हाच टप्पा गाळतात.

१. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून त्याच सेवेच्या संकेतस्थळावर साइन-इन करावे. खासगी खिडकीत जुन्या कुकीज (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये जपलेल्या नोंदी) नसतात, त्यामुळे निकाल स्वच्छ मिळतो.

२. त्यानंतर संगणक फोनच्या हॉटस्पॉटला जोडून ब्राउझर आणि ॲप दोन्हींतून पुन्हा प्रयत्न करावा.

ब्राउझरमध्ये साइन-इन होते पण ॲपमध्ये होत नाही, असा निकाल आला तर खाते आणि पासवर्ड निर्दोष आहेत. थेट टप्पा ६ कडे जावे. ब्राउझरमध्येही होत नाही, पण हॉटस्पॉटवर दोन्हीकडे होते, तर दोष नेटवर्कचा आहे. टप्पा ३ पाहावा. कोठेच होत नाही आणि फोनवर मात्र खाते चालू आहे, तर टप्पा ४ आणि ५ महत्त्वाचे ठरतात. फोनवरही खाते चालत नसेल, तर संगणकाच्या अपग्रेडचा याच्याशी बहुधा संबंध नाही; सेवाच बंद पडली आहे का, हे तिच्या स्थितिदर्शक पानावर पाहून थोडा वेळ थांबावे.

## टप्पा ३ : नेटवर्क, व्हीपीएन आणि सुरक्षा सॉफ्टवेअर

अपग्रेड करताना जुन्या सेटिंग्ज पुष्कळदा नव्या प्रणालीत उतरतात. प्रॉक्सीचा (इंटरनेटची वाहतूक ज्यातून जाते त्या मध्यस्थ सर्व्हरचा) जुना पत्ता, आता अस्तित्वात नसलेल्या व्हीपीएनचे (कूटबद्ध खासगी जोडणीचे) उरलेले अवशेष आणि काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचा नेटवर्क फिल्टर हे तीन दोष सर्वाधिक आढळतात. आधी व्हीपीएन पूर्ण बंद करावे, मग प्रॉक्सीची सेटिंग पाहून अनोळखी पत्ता असल्यास तो नोंदवून बंद करावा, आणि शेवटी अँटिव्हायरसमधील वेब तपासणीची सोय काही मिनिटांपुरती थांबवावी. ही सोय सुरक्षित जोडणीच्या मध्ये स्वतःचे प्रमाणपत्र घालते, आणि काही ॲप असे प्रमाणपत्र स्वीकारत नाहीत.

इशारा : संगणक संस्थेचा असेल तर प्रॉक्सी किंवा व्हीपीएन स्वतः बदलू नये. तेथे या सेटिंग्ज आवश्यक असू शकतात.

तपासणी : एकेक बंद केलेली गोष्ट पुन्हा चालू करून पाहावी. ज्या क्षणी बिघाड परत येतो, त्याच गोष्टीत दोष आहे. सुरक्षा सॉफ्टवेअर बंद अवस्थेत सोडून देऊ नये.

## टप्पा ४ : तोच पासवर्ड, तेच खाते, तेच बटण

पासवर्ड ‘बरोबर असूनही चालत नाही’ या तक्रारीमागे तीन कारणे असतात.

पहिले कारण कीबोर्डचे. नव्या प्रणालीत कीबोर्डची मांडणी बदललेली असू शकते. अमेरिकी आणि ब्रिटिश मांडणीत ॲट-चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा एकमेकींशी बदललेल्या असतात. पासवर्ड ठिपक्यांच्या रूपात दिसत असल्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. डोळ्याचे चिन्ह दाबून पासवर्ड उघडा पाहावा. ती सोय नसेल तर कोऱ्या नोटपॅडमध्ये पासवर्डातील चिन्हे तेवढी टंकून पाहावीत आणि लगेच पुसावीत. देवनागरी टंकन चालू राहिलेले नाही ना, हेही याच वेळी कळते.

दुसरे कारण ब्राउझरने आपोआप भरलेला जुना पासवर्ड. ब्राउझर सिंक झाल्यावर कधीकाळी जपलेला पासवर्ड वर येतो. त्यामुळे भरलेला रकाना पूर्ण रिकामा करून हाताने टंकावा.

तिसरे कारण साइन-इनची चुकीची पद्धत. ज्या व्यक्तीने झूमचे खाते मुळात गुगलच्या बटणावरून उघडले होते, तिच्याकडे झूमचा वेगळा पासवर्ड नसतोच. तिने ईमेल आणि पासवर्डाच्या रकान्यात कितीही प्रयत्न केले तरी हाती काही लागणार नाही. संस्थेच्या खात्यासाठी एसएसओ (संस्थेच्या एकाच ओळखीने साइन-इन) हा पर्याय निवडून संस्थेचे डोमेन लिहावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या सेवांत एकाच ईमेल पत्त्यावर वैयक्तिक आणि कार्यालयीन अशी दोन खाती असू शकतात, आणि चुकीचे निवडल्यास पासवर्ड चुकला असाच संदेश येतो. जुन्या उपकरणावर ॲपच्या प्रोफाइलमध्ये जाऊन कोणते खाते आणि कोणती पद्धत वापरली आहे ते वाचून घेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

फोन क्रमांकावर चालणाऱ्या ॲपमध्ये देशाचा संकेतांक योग्य निवडावा आणि बहुतेक देशांत क्रमांकाच्या आधीचे शून्य गाळावे.

## टप्पा ५ : पडताळणीचा कोड

कोड येत नाही म्हणून ‘पुन्हा पाठवा’ हे बटण वारंवार दाबणे ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे. बहुतेक सेवांत नवा कोड मागताच आधीचा बाद होतो. उशिरा पोहोचलेला पहिला कोड टाकला जातो, तो नाकारला जातो, पुन्हा मागणी होते, आणि काही वेळाने सेवा त्या क्रमांकाला काही तासांसाठी थांबवते. एकदा मागणी करून काही मिनिटे थांबावे आणि शेवटी आलेला कोडच वापरावा.

कोड कुठे येतो हेही पाहावे. टेलिग्रामचे खाते फोनवर चालू असेल, तर कोड एसएमएसने येण्याऐवजी सामान्यतः फोनवरील टेलिग्राम ॲपमध्येच, टेलिग्राम याच नावाच्या चॅटमध्ये येतो. लोक एसएमएसची वाट पाहत बसतात आणि कोड शेजारच्या ॲपमध्ये न वाचलेला पडून राहतो. ॲपल खात्याचा सहा अंकी कोड त्याच खात्याने साइन-इन असलेल्या दुसऱ्या आयफोन, आयपॅड किंवा मॅकच्या पडद्यावर उमटतो.

ऑथेंटिकेटर ॲपमधील कोड सामान्यतः दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो फोनच्या घड्याळावरून काढला जातो. म्हणून हा कोड सतत नाकारला जात असेल तर फोनची वेळ आपोआप घेतली जाते आहे ना, ते तपासावे. संगणकाचे घड्याळ येथे कामाचे नाही.

व्हॉट्सॲपची पद्धत वेगळी आहे. संगणकावरील ॲप हे फोनला जोडलेले उपकरण असते आणि ते फोनवरील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ येथून क्यूआर कोड वाचून जोडावे लागते. अशी चारच उपकरणे जोडता येतात. जुना संगणक आणि जुने ब्राउझर यांनी जागा अडवली असेल तर यादीतून न वापरले जाणारे उपकरण काढावे. फोन १४ दिवसांहून अधिक काळ वापरला नाही, तर जोडलेली सर्व उपकरणे आपोआप बाहेर पडतात.

## टप्पा ६ : ब्राउझरकडून ॲपकडे परत येणे

आजकाल पुष्कळ ॲप स्वतः पासवर्ड विचारत नाहीत. ती ब्राउझर उघडतात, साइन-इन तेथे होते, आणि मग ब्राउझर एका विशेष दुव्याने ॲपला ‘हा वापरकर्ता पडताळला’ असे कळवतो. अपग्रेडनंतर हा धागाच तुटतो. ब्राउझरमध्ये यशाचे पान दिसते, ॲप मात्र वाट पाहत फिरत राहते.

१. मूळ ब्राउझर कोणता ठरवला आहे ते सेटिंग्जमध्ये पाहावे आणि तो अद्ययावत करावा.

२. ब्राउझरने ‘हे ॲप उघडू का’ असे विचारल्यावर आधी कधी नकार दिला असेल, तर त्या संकेतस्थळाच्या परवानग्या मूळपदावर आणाव्यात.

३. जाहिराती रोखणारे विस्तार त्या पानापुरते थांबवावेत आणि पॉप-अपला परवानगी द्यावी.

४. यशाच्या पानावर ‘ॲप उघडा’ असा दुवा असेल तर तो स्वतः दाबावा.

साइन-इनची खिडकी ॲपच्या आतच उघडते पण कोरी पांढरी राहते, असे मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या बाबतीत दिसले, तर वेबव्ह्यू २ हा विंडोजमधील घटक दुरुस्त किंवा अद्ययावत करावा. नवे टीम्स त्याच्यावरच चालते.

## टप्पा ७ : जपून ठेवलेली जुनी ओळख

ब्राउझरमध्ये सर्व ठीक, ॲपमध्ये मात्र साइन-इन होऊन लगेच पुन्हा साइन-इनच मागितले जाते, या चक्राचे कारण बहुतेक वेळा येथे सापडते.

ॲप प्रत्येक वेळी पासवर्ड विचारू नये म्हणून एक टोकन, म्हणजे ओळखीचा डिजिटल पुरावा, जपून ठेवते, आणि विंडोज ते टोकन त्या संगणकाच्या, त्या वापरकर्त्याच्या किल्लीने कूटबद्ध करते. जुन्या संगणकातील ॲपचे फोल्डर उचलून नव्यात चिकटवले, तर फोल्डर येते पण किल्ली येत नाही. ॲपला स्वतःचेच टोकन वाचता येत नाही आणि ते गोंधळते. त्यामुळे असे फोल्डर हाताने कधीही हलवू नये. ॲप नव्याने टाकावे, साइन-इन करावे आणि संदेश सेवेने दिलेल्या मार्गानेच आणावेत.

विंडोजवर कंट्रोल पॅनेलमधील क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून, विंडोज क्रेडेन्शियल्सच्या यादीतून अडलेल्या ॲपच्या नावाच्या नोंदी तेवढ्या काढाव्यात आणि संगणक पुन्हा सुरू करावा. सर्व नोंदी एकदम पुसू नयेत. त्यांत कार्यालयातील सामायिक फोल्डरचे पासवर्डही असतात.

मॅकवर लॉग-इनचा पासवर्ड रीसेट केला असेल तर जुनी किचेन, म्हणजे मॅकची पासवर्ड जपणारी तिजोरी, जुन्याच पासवर्डने कुलूपबंद राहते, आणि प्रत्येक ॲप किचेनचा पासवर्ड मागत राहते. तेथे आधीचा पासवर्ड देऊन ती उघडावी. मेसेजेस आणि फेसटाइम अडले असतील, तर दोन्ही ॲपच्या सेटिंग्जमधून साइन-आउट करून संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग साइन-इन करावे.

मदरबोर्ड बदलल्यानंतर टीम्स किंवा आउटलुकमध्ये टीपीएम बिघडल्याचा संदेश आणि ८००९००१६ हा कोड दिसला, तर पासवर्डचा येथे काही दोष नाही. ओळखीची किल्ली जुन्या मदरबोर्डवरील टीपीएममध्ये राहिली आहे. सेटिंग्जमधील अकाउंट्स या भागात ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ येथे खाते विलग करून पुन्हा जोडावे लागते. संस्थेच्या संगणकावर हे तंत्रज्ञांच्या देखरेखीखालीच करावे, कारण विलग केल्यावर पुन्हा आत येण्यासाठी स्थानिक प्रशासक खाते लागू शकते. विंडोज हॅलोचा पिनही अशा वेळी नव्याने ठरवावा लागतो.

## टप्पा ८ : ॲपची आवृत्ती, आणि मगच पुनर्स्थापना

जे ॲप उघडायचे आहे ते अजून चालू आहे का, हे आधी पाहावे. स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले आणि त्याच्या खात्यांना टीम्सच्या विनामूल्य आवृत्तीत त्याच ओळखीने साइन-इन करण्याची सोय देण्यात आली. जुने क्लासिक टीम्सही बंद झाले आहे. जुन्या संगणकातून अशी ॲप नव्यात उतरली असतील, तर त्यांवर कितीही उपाय केले तरी ती साइन-इन करणार नाहीत. ती काढून चालू आवृत्ती अधिकृत संकेतस्थळावरून किंवा ॲप स्टोअरमधून घ्यावी.

ॲप चालू स्थितीतील असेल, तर विंडोजमध्ये इन्स्टॉल्ड ॲप्समधून त्याचे ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडावेत. हा पर्याय प्रत्येक ॲपला नसतो. ‘रिपेअर’ने माहिती शाबूत राहते, ‘रीसेट’ने ॲपची माहिती पुसली जाते. म्हणून आधी रिपेअर, त्याने काम न झाल्यास रीसेट, आणि तेही निष्फळ ठरल्यास पुनर्स्थापना, हाच क्रम ठेवावा.

इशारा : संदेश कोठे साठवले आहेत हे जाणून घेतल्याशिवाय रीसेट करू नये. टीम्स आणि टेलिग्रामचे सामान्य चॅट सर्व्हरवर असतात आणि परत दिसतात. सिग्नलच्या डेस्कटॉप ॲपचे संदेश त्याच संगणकावर असतात. त्याची माहिती पुसली की तेथील इतिहास गेला.

## टप्पा ९ : साइन-इन झाले, पण कॉल लागत नाही

हा वेगळा बिघाड आहे आणि त्यासाठी पासवर्डला हात लावण्याचे कारण नाही. साइन-इन नेहमीच्या सुरक्षित वेब मार्गाने, म्हणजे टीसीपी ४४३ पोर्टवरून होते, तर आवाज आणि चित्र शक्यतो यूडीपी या वेगळ्या, जलद पद्धतीने जातात. टीम्स त्यासाठी यूडीपी ३४७८ ते ३४८१ वापरते आणि झूम ८८०१ ते ८८१० वापरते. फायरवॉलने हे पोर्ट अडवले, तर कॉल ‘जोडत आहे’ येथेच थांबतो किंवा चित्र अडखळते. चित्र काळे असेल किंवा आवाज जात नसेल, तर प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये कॅमेरा आणि मायक्रोफोनची परवानगी त्या ॲपला पुन्हा द्यावी. मॅकवर पडदा दाखवण्यासाठी स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी द्यावी लागते आणि ती दिल्यावर ॲप बंद करून उघडावे लागते.

तपासणी : झूमच्या चाचणी बैठकीत किंवा टीम्सच्या चाचणी कॉलमध्ये कॅमेरा, माइक आणि स्पीकर तिन्ही चालतात हे महत्त्वाच्या बैठकीआधी पाहून घ्यावे.

## टप्पा १० : पासवर्ड रीसेट आणि मदत मागणे

वरील सर्व करूनही खाते कोठेच उघडत नसेल, तरच पासवर्ड रीसेट करावा. तो नव्या संगणकावरून करू नये. जे उपकरण अजून साइन-इन आहे त्यावरून करावा, कारण सेवा ओळखीच्या उपकरणावर अधिक विश्वास ठेवते. रीसेट करताना ‘सर्व उपकरणांवरून साइन-आउट’ असा पर्याय समोर आला आणि खाते दुसऱ्या कोणाच्या हाती गेल्याचा संशय नसेल, तर तो निवडू नये.

मदत मागताना त्रुटीचा संदेश आणि कोड, बिघाडाची नेमकी वेळ टाइम झोनसह, संगणकात काय बदलले, प्रणालीची आणि ॲपची आवृत्ती, आणि टप्पा २ मधील दोन्ही चाचण्यांचे निकाल एकाच पत्रात लिहावेत. टीम्सच्या त्रुटीच्या पानावर ‘कोरिलेशन आयडी’ दिसत असेल तर तोही द्यावा. त्यावरून तंत्रज्ञाला त्या एका प्रयत्नाची सर्व्हरवरील नोंद शोधता येते. पासवर्ड किंवा पडताळणीचा कोड मात्र कोणालाही, मदत करणाऱ्या तंत्रज्ञालाही, सांगू नये. शोधयंत्रात सापडलेल्या अनोळखी मदत क्रमांकावर फोन करण्याऐवजी ॲपच्या किंवा अधिकृत संकेतस्थळाच्या मदत विभागातूनच तक्रार नोंदवावी.